बेचाळीस वर्षांचा रंगारी

१२ शव्वाल १३३४, मर्गिलान

रेशमाची लड कढईतून वर उचलली तेव्हा ती विटकरी होती. पुन्हा बुडवली, पुन्हा उचलली. विटकरीच. कंबरअली हातात काठी घेऊन बाजूला उभा होता. म्हणाला, "उस्ताद, याला लाल म्हणायचं का?" मी म्हटलं, लालच म्हणायचं, आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगायचं की युद्धात लाल असाच निघतो. तो हसला. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मोराचं चित्र असलेल्या जर्मन डब्यातली ती शेवटची चिमूट होती. रशियाच्या गोऱ्या पादशहाने जर्मनांशी युद्ध काढलं त्याला दोन वर्षं झाली. काढायचं तर काढावं. पण आधी रंग भरून ठेवायला हवा होता. बापाच्या वेळी आमची मंजिष्ठेची बाग होती, तिच्या मुळांतून लाल निघायचा. मोराचे डबे येऊ लागले तेव्हा मी ती उपटून कापूस लावला, कारण पादशहाला कापूस हवा होता आणि लाल डब्यात मिळत होता. तेव्हा मर्गिलानातल्या प्रत्येक रंगाऱ्याने हेच केलं. आता कापूस ठरवून दिलेल्या भावाने जातो, गहू येत नाही, आणि लाल तर नाहीच. लालाशिवाय रेशीम कोण नेसणार? सात मागांपैकी पाच बंद आहेत.

कंबरअली माझा घरजावई. रेशमावर नक्षी आखतो आणि बांधणी करतो. त्यापलीकडे त्याला काही येत नाही.

१५ शव्वाल

चहाखान्यात हायितकुल भेटला. रमजानात तो हुकूम आला, बाजारात दगड उडाले आणि मग शिपायांच्या गोळ्या. तेव्हापासून चहाखान्यात सगळे हवापाण्यावर बोलतात. हुकूम असा की एकोणीस ते त्रेचाळीस वयाच्या पुरुषांनी तिकडे आघाडीच्या मागे खंदक खणायला जायचं. आता तो पुढे ढकललाय म्हणतात. उस्तादांना कोण हात लावतो?

हायितकुल आमच्या मोहल्ल्याचा मुखिया. पंचेचाळीस वर्षांचा आहे. पूर्वी तो मला दादा म्हणायचा. रिसोलतशी मी दुसरं लग्न केलं तेव्हापासून मी त्याला दादा म्हणतो. निकाहात तोच माझा साक्षीदार होता. इमामासमोर शपथेवर माझं वय त्यानेच सांगितलं: छत्तीस, कुत्र्याचं वर्ष. बारा वर्षांना बारा जनावरं. कुत्र्याचं वर्ष म्हटलं की माणूस खरं बोलला. कितवा कुत्रा, हे विचारायची आमच्यात रीत नाही. त्याला सहा वर्षं झाली, म्हणजे मी आता बेचाळीस.

हायितकुल म्हणाला, स्कोबेलेव्ह शहराच्या छावणीत ऑस्ट्रियाचे युद्धकैदी आहेत आणि हमी दिली तर कामाला मिळतात. कोणी घड्याळं दुरुस्त करतो, कोणी पाव भाजतो. मी विचार केला. मोराचे डबे जिथून येत तिथलीच ही माणसं. आमच्या पोरांना टरबूज ठोकून गोडी कळते, ते कोणी शिकवत नाही. तसा जर्मनाला रंग येत असणार.

१९ शव्वाल

जर्मन आणला. छावणीत त्यांना रांगेत उभं केलं होतं. मी दुभाष्याला म्हटलं, रंगाचं काम कोणी केलंय ते विचार. कोणी पुढे आलं नाही. मग माझ्या पिशवीतल्या नानकडे बघत एक उंच, वाळका माणूस पुढे आला. म्हणाला, आयुष्यभर रंगच लावत आलोय. माझी नजर चुकत नाही. लांब बोटं, स्वच्छ नखं, हातात येईल ती वस्तू हुंगून बघायची सवय.

नाव अलोइस. वाटेत त्याने दोन नान आणि अर्धं टरबूज खाल्लं, आणि मोडक्या रशियनमध्ये सांगितलं की तो जर्मन नाही, चेक आहे. त्याचा बादशहा तेवढा जर्मन बोलतो. मी म्हटलं, समजलं, आमचंही तसंच आहे. त्यानंतर आमचं चांगलं जमलं.

२२ शव्वाल

अलोइसने कढयांकडे पाहिलंसुद्धा नाही. तो लोकांच्या दाढ्या बघतो. आज त्याने माझी दाढी बोटांत धरली, चोळली, हुंगली आणि मान डोलावली. जाणकार माणूस. माझ्या दाढीचा काळा माझा स्वतःचा आहे, म्हणजे मी स्वतः बनवलेला. अक्रोडाची साल, लोखंडाचा कीस आणि आणखी एक वस्तू, जी मी इथेही लिहिणार नाही. महिनेच्या महिने उतरत नाही. निम्मा बाजार माझ्याकडून नेतो. मला त्याची गरज नाही. गिऱ्हाइकाला नमुना दिसावा म्हणून लावतो.

२७ शव्वाल

बीट उकळले. डाळिंबाची सालं उकळली. सरबतासारखा रंग आला आणि धुतल्यावर सरबतासारखा गेला. अलोइस घाबरलेला दिसला, तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, घाई नाही. मोठ्या माणसांना वेळ लागतो.

दुपारी आतल्या अंगणातून ओयनिसाच्या हसण्याचा आवाज आला. ती माझी लेक, कंबरअलीची बायको. बघतो तर अलोइसने रेशमाच्या चोथ्याची मिशी करून कंबरअलीला चिकटवली होती, आणि कंबरअली हायितकुलसारखा चालून दाखवत होता. दाराआडून बायका बघत होत्या. मी रागावलो. मिशी मात्र खरी वाटत होती.

जेवताना रिसोलत म्हणाली, "अहो, तो रंगारी नाही. नाटकवाला आहे. केस, दाढ्या बनवतो. तिकडे तो लोकांना म्हातारं करायचा, त्याचे पैसे मिळायचे."

मी म्हटलं, पैसे देऊन म्हातारा कोण होईल? तिने ताटं उचलली. बायकांना विद्वान माणसांचे छंद कळत नाहीत.

४ झिल्कद

हायितकुल आला. चहा घेतला नाही, त्यावरूनच कळलं. हुकूम परत लागू. आमच्या मोहल्ल्यात घरामागे एक माणूस. त्याने वरिष्ठांना नावं कळवलीसुद्धा, आणि प्रत्येक घरातलं नाव वरून लिहिलं, म्हणजे कर्त्या पुरुषाचं. आमच्या घरातून माझं.

मी म्हटलं, दादा, घरात सव्वीस वर्षांचा धडधाकट घोडा आहे. तो म्हणाला, तू त्रेचाळीसच्या आत आहेस, तुझं नाव वर आहे. तू वयाने बाहेर पडलास तर खालचं नाव आपोआप लागेल. वय डॉक्टर ठरवेल. ईदनंतर येणार आहे. आमच्यापैकी कोणाकडे जन्माचा कागद नाही, म्हणून तो दाढी आणि दात बघतो.

मी म्हटलं, तू मुखिया आहेस, तूच सांग त्याला.

"काय सांगू?" हायितकुल म्हणाला. "इमामासमोर शपथेवर सांगितलंय मी तुझं वय. तुझ्याच पायी. आता ते फिरवू? आधीच माझ्या दारावर लोक रात्री काय काय लिहून जातात."

मग एकदम तो मला दादा म्हणाला. चुकून म्हणाला असावा.

५ झिल्कद

शांतपणे विचार केला. मी गेलो तर कारखाना बुडेल. कंबरअली गेला तर थोडी अडचण होईल, एवढंच. बांधणी काय, कोणीही बांधेल. त्याने जाणं रास्त आहे. तरुण माणसाने जग बघावं. आता डॉक्टरला माझी दाढी पांढरी दिसली की झालं.

दाढी साबणाने धुतली.

८ झिल्कद

राखेने धुतली. दह्याने धुतली. पाणीसुद्धा काळं होत नाही. माझा काळा उतरत नाही अशी माझी कीर्ती आहे आणि ती खोटी नाही. हायितकुल म्हणतो, मुंडण कर. गुळगुळीत तोंडाने गेलो तर डॉक्टर मला पंचविशीचा धरेल, आणि बाजारात तोंड दाखवायची सोय उरणार नाही ती वेगळीच.

दुपारी माग बंद असताना सगळे बसले होते तेव्हा जुन्या गोष्टी निघाल्या. मी सांगितलं की रशियन फौज मर्गिलानात शिरली त्या दिवशी मी याच कढईवर काठी फिरवत होतो, आणि पहिल्या शिपायाची टोपी बघून बाप म्हणाला होता की हा पांढरा आपल्याला जमणार नाही. अलोइसने बोटं मोजून कंबरअलीला काही विचारलं. कंबरअली म्हणाला, "हो, एक्केचाळीस वर्षं झाली. उस्ताद तेव्हा एक वर्षाचे होते. एक वर्षाचं पोर कढई ढवळायचं. या घराण्यात हुनर आहे."

सगळे हसले. मी म्हटलं, मी थोराड होतो.

१३ झिल्कद

अलोइसला म्हटलं, लाल राहू दे, आधी माझ्या काळ्याचं पांढरं कर. त्याने हातवारे करून सांगितलं की भुकटी लावू नका, मी दुसरं काही करतो. पण मी चाळीस वर्षं रंगात आहे. म्हणजे लहानपणापासून. मला कोण शिकवणार? कापूस पांढरा करायची भुकटी कालवली आणि दाढीला लावून उन्हात बसलो.

लाल आला.

असा लाल मी मोराच्या डब्यातूनही काढला नव्हता. एकसारखा, चमकदार, पिकल्या डाळिंबाच्या आतला. कंबरअली बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "उस्ताद, धुवून जात नाही ना?" धुवून जात नव्हता.

तीच भुकटी रेशमावर घालून पाहिली. रेशीम विरलं.

१६ झिल्कद

दाढीवर रुमाल बांधून बाजारात गेलो. दाढ दुखते असं सांगितलं. दाढेवरचे अकरा उपाय मिळाले.

कंबरअलीने लालाशिवाय एक कापड बांधलं होतं, काळं, पिवळं आणि निळं. मी आधीच सांगितलं होतं की हे विधवेलाही कोणी नेसवणार नाही. दुपारच्या नमाजाआधी सगळं विकलं गेलं. बायका विचारत होत्या, याला काय म्हणतात. बाजारात दुसरा काही माल नाही, म्हणून. पुढच्या आठवड्यात आणखी दोन माग चालू करू म्हणतो कंबरअली. मी परवानगी दिली.

२० झिल्कद

रिसोलत टोपी शिवते आहे. मी बघितली. माप साफ चुकलंय, माझ्या मुठीवरसुद्धा बसणार नाही. तसं सांगितलं तर ती आणि ओयनिसा एकमेकींकडे बघून हसल्या. ओयनिसा अलीकडे फार आळसावली आहे. अंगानेही भरली आहे. नान महाग असताना हे बरं नव्हे.

२१ झिल्कद

टोपीचं कळलं.

२२ झिल्कद

कंबरअलीला बोलावून सांगितलं की तिकडे थंडी फार, जाड पायमोजे घेऊन ठेव. त्याने घेऊन ठेवले होते. पीठ भाजून पिशवीत भरलं होतं. मला न सांगता. घरात काय चाललंय ते मालकाला शेवटी कळतं.

"मी जाईन, उस्ताद," तो म्हणाला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही एक दिवस म्हातारे व्हा, मग पुन्हा बेचाळीस व्हा."

मला त्याचं बोलणं उर्मट वाटलं. जेवलो नाही.

२ झिल्हिज

अलोइसने दाढी बनवायला घेतली. बनवलेली, पांढरी. मी म्हटलं, नकली दाढी लावणं म्हणजे लबाडी. त्याने माझ्या दाढीकडे नुसतं पाहिलं.

एकेक केस घेऊन मलमलीच्या पट्टीवर गाठ मारतो. बारीक आकडा आहे त्याच्याकडे, छावणीत तारेचा केलेला. काम करताना गातो. इथे आल्यापासून त्याला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. पांढरे केस कुठून आणले विचारलं तर वर बघून म्हणाला, मिळाले.

६ झिल्हिज

शेजारची मोहलारखाला भांडायला आली. ईदच्या कुर्बानीसाठी पाळलेल्या तिच्या पांढऱ्या बोकडाची दाढी कोणी तरी मुळापासून कापून नेली. दाढी नसलेला बोकड अल्लाला चालतो की नाही, तिला काळजी. "जनावर निर्दोष हवं," ती भिंतीपलीकडून म्हणत होती. "आता हा बोकड आहे की शेळी, मलाच कळेना." इमामाला विचारायला माणूस पाठवला. इमाम म्हणाले, शिंगं शाबूत असतील तर चालेल. मी तिच्याकडे पुलावाचं ताट पाठवलं. का पाठवलं ते तिला कळलं नाही, पण ताट परत आलं ते चाटूनपुसून.

११ झिल्हिज

काल ईद झाली. आज दाढी लावून पाहिली. आधी माझी दाढी बारीक कातरली, मग जर्दाळूचा डिंक, मग ती. भुवयांवर पीठ, डोळ्यांखाली काजळीची बोटं. मग अलोइसने मला चालायला शिकवलं. म्हातारा वाकत नाही, म्हणाला, म्हातारा सरळ राहायचा प्रयत्न करतो. गुडघ्यातून चालायचं, आणि बसण्याआधी जागा हाताने चाचपायची. मी लगेच शिकलो. अलोइस म्हणाला, इतका हुशार विद्यार्थी त्याला कधी मिळाला नव्हता. जणू मुळातच येत होतं.

आरशात बघितलं. बाप बसला होता.

रिसोलत चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. मी म्हटलं, हसायचं असेल तर हस. ती हसली नाही. "शोभतं तुम्हाला," म्हणाली. "निकाहाच्या दिवशी मी हाच माणूस आहे असं समजून हो म्हटलं होतं."

हिला दृष्टिदोष आहे असं मला वाटत आलंय.

संध्याकाळी कंबरअलीने मला मागांपाशी नेलं. कुठल्या लडीची बांधणी अर्धी आहे, कुठल्या गाठी आधी सोडायच्या, निळ्यासाठी यहुदी रंगाऱ्याकडे काय निरोप द्यायचा, सगळं सांगत बसला. मी म्हटलं, माझ्याच घरात मला काय दाखवतोस? तो म्हणाला, बरं उस्ताद, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. निम्म्या गोष्टी मला माहीत नव्हत्या. मी तसं बोललो नाही.

१४ झिल्हिज

आज मशिदीच्या अंगणात तपासणी झाली. सगळं नीट लिहून ठेवतो, कारण लोक उद्या वाटेल ते सांगतील.

चिनाराखाली टेबल होतं. डॉक्टर, पोलीस अधिकारी, दुभाष्या, आणि बाजूला हायितकुल. डॉक्टर रशियन, बुटका, झोप न झालेला. भिंतीपलीकडच्या छपरांवर बायका बसल्या होत्या. रांगेत माझ्यापुढे लोहार होता. तो टेबलापर्यंत डाव्या पायाने लंगडत गेला आणि परत येताना उजव्या. त्याला घेतला. त्याच्यानंतरचा बहिरा होता. डॉक्टर हळूच म्हणाला, जा, तुला सोडलं. आणि तो सलाम करून निघाला. त्यालाही घेतला. पोलीस अधिकारी जांभया देत होता.

माझी पाळी आली. गुडघ्यातून चालत गेलो. वाटेत एकदा थांबून श्वास घेतला. डॉक्टर मला बघून उठून उभा राहिला. त्याने आपली खुर्ची पुढे केली. मी आधी ती हाताने चाचपली, मग बसलो. दुभाष्याने सांगितलं, डॉक्टर विचारतात, या बाबांना इथवर चालत आणायची लाज वाटली नाही का कोणाला? पोलीस अधिकाऱ्याने हायितकुलला दोन शब्द सुनावले. हायितकुल खाली बघत होता. त्याने मला ओळखलं होतं की नाही, सांगता येत नाही. डॉक्टरने माझं नाव खोडलं.

मग पोलीस अधिकाऱ्याने विचारलं, याच घरातलं पुढचं नाव कोणतं? हायितकुल म्हणाला, कंबरअली. कंबरअली रांगेतून पुढे आला, पाठीला गाठोडं बांधूनच आला होता. जाता जाता त्याने माझ्या दाढीच्या कडेकडे पाहिलं, डिंक नीट बसलाय का ते. मान हलवली. छान झालीय, अशी.

त्या वेळी मला खाज सुटली. बोकडाचे केस फार टोचतात आणि डिंक ओघळून गळ्यात उतरला होता. ऊनही होतं. मला अजिबात सहन होईना. म्हणून मी दाढी काढली. दुसरं काही कारण नव्हतं.

खालून लाल निघाली.

मग छपरावरून मोहलारखाला ओरडली की तो माझा बोकड आहे. डॉक्टर टेबलावर हात टेकून हसत सुटला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोलीस अधिकारी हसत नव्हता. त्याने विचारलं, वय काय?

मी म्हटलं, बेचाळीस.

कंबरअली म्हणाला, "उस्ताद, गप बसा. तुम्ही चोपन्न..."

"घरजावयाने मध्ये बोलू नये," मी म्हटलं.

डॉक्टरने माझं तोंड उघडायला लावलं. बराच वेळ आत बघितलं. हसणं थांबलं होतं. दुभाष्याला त्याने काही सांगितलं.

"डॉक्टर म्हणतात, हे दात साठ वर्षांचे आहेत."

"त्यांना सांग, दात बापाकडून आलेत. मी बेचाळीस वर्षांचा. साक्षीदार आहे." मी हायितकुलकडे बोट दाखवलं.

सगळे हायितकुलकडे बघू लागले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग गाठोडं घेतलेल्या कंबरअलीकडे, मग वर छपराकडे, जिथे माझी लेक बसली होती.

"बेचाळीस," तो म्हणाला. "याच्या निकाहात मी होतो. शपथेवर सांगतो."

पोलीस अधिकाऱ्याने माझं नाव पुन्हा लिहिलं. डॉक्टरने मला काही विचारलं नाही. हातानेच खूण केली की खुर्चीवर बस, अजून थोडा वेळ बस.

घरी येताना कंबरअली माझ्या मागून चालत होता. चालता चालता रडतोय असं वाटलं. मी म्हटलं, दोन माग वाढवायचे होते ते वाढव. आणि निळ्यात पाणी कमी घाल. आजकालच्या पोरांना भावनांवर ताबा नाही.

१५ झिल्हिज

गाडी उद्या. अलोइसने मला दाढी परत देऊ केली, तिकडे थंडीत कामी येईल म्हणाला. मी म्हटलं, तुमच्या फौजेसमोर खंदक खणायला चाललोय, कोणाला निरोप द्यायचाय का? तो म्हणाला, भेटले तर सांगा, अलोइस बरा आहे, इथे पुलाव मिळतो. युद्धाचं गणित मला आता समजतं. तिकडचा माणूस इकडे, इकडचा तिकडे. मध्ये दोन बादशहा.

त्याच्या हमीवर कंबरअलीचा अंगठा घेतला. अलोइस लाल शोधत राहील. माझी खात्री आहे, त्याला जमेल.

ओयनिसा समोर आली नाही. भिंतीआडून म्हणाली, "बाबा, लवकर या." मी म्हटलं, पायऱ्या जपून उतर.

रिसोलतने पिशवीत पीठ, सुकी जर्दाळू आणि दाढीच्या काळ्याची पुडी ठेवली. पुडी मी बाहेर काढली. तिने पुन्हा ठेवली.

"परत याल तेव्हा किती वर्षांचे असाल?" तिने विचारलं.

"त्रेचाळीस," मी म्हटलं.

"मग काळजी नाही," ती म्हणाली, आणि पिशवीची गाठ बांधायला तिला बराच वेळ लागला.

१६ झिल्हिज, सकाळ, गोर्चाकोव्हो स्टेशन

गाडी सुटली. आमच्या डब्यात बहुतेक माणसं माझ्याच वयाची आहेत, बेचाळीस, फार तर त्रेचाळीस. त्यांतल्या दोघांना त्यांच्या मुलांनी हात देऊन वर चढवलं.